इएन्स म्हणजे जाणारा

आमच्या मोंतेफ्रेद्दोत एके काळी अशी कुजबुज होती, की शाळेतल्या लॅटिनच्या मास्तरांनी डोंगराखालच्या रिएती शहरात बाई ठेवली आहे. न्हाव्याच्या दुकानात मी डोकावले आणि पुरुष एकदम हवापाण्यावर बोलायला लागले, की समजायचं तेच चाललं होतं. चर्चच्या पायरीवर बायकांची डोकी जवळ आली, की समजायचं आज त्यात भर पडली. आणि पुरावा काय होता म्हणाल, तर न्योक्की.

गुरुवारी आमच्याकडे घरोघर न्योक्की, म्हणजे उकडलेल्या बटाट्याचे छोटे गोळे, होतात. का होतात ते कुणी विचारत नाही. उकळत्या पाण्यात ते वर तरंगले की लगेच ताटात घ्यायचे आणि वाफा असताना खायचे. गार झालेले न्योक्की भिंतीची भोकं बुजवायला बरे. तर हे मास्तर, प्रोफेसर ओत्तोरिनो मास्त्रांजेली (आमच्याकडे शाळेच्या मास्तरांनाही प्रोफेसरच म्हणतात), दर गुरुवारी, म्हणजे त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, बहिणीने केलेल्या न्योक्कींचे दोन घास कसेबसे गिळत आणि दुपारच्या बसने रिएतीला जात. बसायला वेळ नाही, पुन्हा वाढून घ्यायचं नाव नाही. आमच्या गावाचा हिशेब सोपा होता. आजारी माणूस न्योक्की टाकेल, पण तो घरी झोपेल. धडधाकट माणूस चांगला कोट घालून न्योक्की टाकतो, तेव्हा पलीकडे बाई असते.

माझं तंबाखूचं दुकान चौकात, बसथांब्याच्या समोर. मीठ, टपालाची तिकिटं, सिगारेटी आणि बसचीही तिकिटं माझ्याकडेच. मला सगळे सोरा पालमीरा, म्हणजे पालमीराबाई, म्हणतात. मी कुणाबद्दल वाईट बोलत नाही. कोण कुठल्या बसने गेलं एवढंच मी सांगते, पुढचं लोक आपापलं जुळवून घेतात.

आणि जुळवायला प्रोफेसरांनीच भरपूर सामान दिलं होतं. एरवी त्यांचा कोट कोपरावर चमकायला लागलेला, पण गुरुवारी करडा. गुरुवारी दाढी दोनदा. आणि गुरुवारी बोटाला सोनेरी फितीने लटकवलेला मिठाईच्या दुकानाचा पुडा. अहो, असा पुडा बोटाला लावून चालणारा पुरुष कुठे चाललाय हे आमच्याकडे दूधपितं मूल सांगेल. मिठाईवाली अदालजीसा तर फारच दुखावली होती. ती म्हणे, "गुरुवारी माझ्याकडून काहीच घेत नाही तो. म्हणजे कुठून तरी दुसरीकडून घेतो. म्हणजे त्या बाईला माझ्या क्रीमच्या पेस्ट्र्या आवडत नाहीत." पुड्याचा कागद तिच्याच दुकानाचा आहे हे तिला दिसत नव्हतं असं नाही. पण माणूस एकदा दुखावला की कागद बघत नाही.

क्लोतिल्दे म्हणजे प्रोफेसरांची थोरली बहीण. तिचं लग्न झालं नाही, भावाचं घर सांभाळण्यात आयुष्य गेलं. तिची एकच चैन होती. रविवारी संध्याकाळी तीन बायका तिच्याकडे पत्ते खेळायला जमत. कुजबुज वाढली तशी एकीचे गुडघे दुखायला लागले, दुसरीकडे पाहुणे आले, तिसरीला पत्त्यांचा कंटाळा आला. क्लोतिल्दे टेबलावर चादर अंथरून, बिस्किटं मांडून बसायची आणि काळोख पडला की बिस्किटं परत डब्यात भरायची. शेवटी एका गुरुवारी ती दारात आडवी उभी राहिली. हे तिनेच मला पुढे सांगितलं.

"ओत्तोरिनो, मला एवढंच सांग, ती विधवा तरी आहे का?"

प्रोफेसर चष्मा पुसत राहिले. "नाही," ते म्हणाले.

"म्हणजे नवरा आहे."

"आहे."

"आणि हे तू मला तोंडावर सांगतोस."

"तू विचारलंस म्हणून."

क्लोतिल्दे बाजूला झाली. प्रोफेसर जिना उतरले, पुडा बोटाला. त्या क्षणी त्यांना एकच शब्द बोलून सुटता आलं असतं. ते बोलले नाहीत, कारण बहिणीला बाईची लाज वाटली तर ती त्यांना चालणार होती. लॅटिनची वाटलेली चालणार नव्हती.

कारण पुड्यात पेस्ट्र्या नव्हत्याच. पुड्यात लॅटिनचं व्याकरण होतं. शाळेतल्या पोरांना देतात तेच, कोपरे दुमडलेलं. रविवारच्या पेस्ट्र्यांचा कागद आणि फीत ते जपून ठेवत आणि गुरुवारी त्यात पुस्तक बांधत. लॅटिनच्या मास्तरच्या हातात लॅटिनचं पुस्तक दिसलं असतं तर कुणी मान वर करून बघितलंही नसतं. पण ज्याला स्वतःची लाज वाटते त्याला वाटतं, सगळ्या गावाचे डोळे आपल्या काखेकडेच लागलेत.

मोंतेफ्रेद्दोचे लॅटिनचे मास्तर, ज्यांच्यासमोर पोरं चळाचळा कापत, त्यांना लॅटिन येत नव्हतं. अगदीच येत नव्हतं असं नाही. पुस्तक उघडं असलं आणि पान ओळखीचं असलं तर भागत होतं. शाळेत असताना त्यांच्या पुढच्या बाकावर लिविया नावाची मुलगी बसायची. ती लिहिताना थोडी डावीकडे झुकायची, आणि ओत्तोरिनो मास्त्रांजेली पाच वर्षं त्या उजवीकडच्या फटीतून उत्तीर्ण होत गेला. मग लढाई लागली. विद्यापीठात लॅटिनच्या तोंडी परीक्षेला तो सैन्याचा ओव्हरकोट घालून गेला. परीक्षकांनी विचारलं, कुठल्या आघाडीवर आहेस. तो म्हणाला, आल्बानियात. तिथे हवा कशी आहे? चिखल आहे, सर. परीक्षकांनी सुस्कारा टाकला आणि पास करून टाकलं. लॅटिनबद्दल कुणी विचारलंच नाही. लढाई संपली, शाळांना मास्तर हवे होते, आणि त्यांना नोकरी हवी होती.

इतिहास ते असा शिकवत की पोरं घंटा विसरत. लॅटिनचं ते निभावून नेत. फक्त एका धड्यापाशी त्यांची गाडी दर वर्षी अडायची. त्या दिवशी त्यांचा घसा बसायचा. गळ्यात मफलर, हातात पेपरमिंटच्या गोळ्या, आणि वर्गातली हुशार पोरगी फळ्यावर. तो धडा धातुसाधितांचा.

आता लॅटिन आमच्या सगळ्यांच्याच डोक्यावर लहानपणी आपटलेलं असतं, म्हणून मलाही थोडं सांगता येईल. जाणे या क्रियापदापासून त्यांच्यात एक शब्द होतो, इएन्स. अर्थ अगदी साधा. जाणारा, जात असलेला. पण तो चालवायला घेतला की तोंडघशी पाडतो. बाकीचे शब्द आपलं मूळ धरून राहतात, विभक्ती कुठलीही लावा, चेहरा ओळखता येतो. हा मात्र प्रथमेत इएन्स, आणि उंबरा ओलांडला की अनोळखी माणूस. एउन्तिस, एउन्ती, एउन्तेम, एउन्ते. अनेकवचनात एउन्तेस, एउन्तिउम, एउन्तिबुस. पोरं आपली सरळ मनाची, ती 'इएन्तिस' म्हणतात. मास्तर टपली मारतात. टपली मारायला मात्र मास्तरांना येत असावं लागतं, आणि प्रोफेसर आतल्या आत पोरांच्याच बाजूचे होते.

हे असंच निवृत्तीपर्यंत चाललं असतं. पण शाळेत नवे मुख्याध्यापक आले. कडक इस्त्रीचे. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, की यंदा ते प्रत्येक मास्तरांच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसणार, आणि कधी ते सांगणार नाहीत. प्रोफेसरांची झोप उडाली. इतक्या वर्षांत त्यांनी लिवियाचं तोंडही पाहिलं नव्हतं. ती रिएतीत होती, नोटरी उबाल्दो चेंचेत्तीची बायको. तिच्या दारात जाऊन त्यांनी टोपी हातात धरली आणि जे आहे ते सांगितलं. लिविया इतकी हसली म्हणे की तिला खुर्चीत बसावं लागलं. मग त्यांचं तोंड पाहिलं आणि हसायची थांबली. गुरुवारी दुपारी नवरा कचेरीत असतो, गुरुवारी ये, म्हणाली.

अट प्रोफेसरांनीच घातली, कुणालाही कळता कामा नये. म्हणून लिविया गुरुवारी मोलकरणीला दुपारभर सुट्टी द्यायची. आवाज रस्त्यावर जाऊ नये म्हणून खिडक्यांच्या झडपा लावून घ्यायची. नवऱ्यालाही सांगायचं नाही असं वचन त्यांनी तिच्याकडून घेतलं. आता मला सांगा, मोलकरीण बाहेर, झडपा बंद, नवऱ्याला पत्ता नाही, दारात करडा कोट आणि बोटाला सोनेरी फीत. समोरच्या गॅलरीतल्या बाईने काय समजावं? जे समजायचं तेच ती समजली. शिवाय तिची मावसबहीण आमच्या गावची.

आणि आत काय चाललेलं असायचं? स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तक, समोर लिविया शेंगा सोलत बसलेली, आणि डोक्यावर टक्कल पडायला लागलेला एक मास्तर हात मागे बांधून उभा.

"षष्ठी," लिविया म्हणायची.

"इएन्तिस."

"शाळेत तुला माझी वही दिसत होती ना? मग एवढंच कसं दिसलं नाही?"

"तुझा कोपर आड यायचा."

"आता कोपर नाही. नीट ऐक. हा शब्द जाणाऱ्याचा आहे, ओत्तोरिनो. जाणारा माणूस घरातल्या कपड्यांत बाहेर पडतो का? तो कपडे बदलतो. तसं आहे हे. तू स्वतः करडा कोट घालून येतोस, आणि या बिचाऱ्या शब्दाने मात्र घरच्याच अवतारात यावं असं तुला वाटतं."

प्रोफेसर लाजून कोटाची बटणं चाचपायचे.

असे हिवाळे गेले, एक, मग दुसरा, मग तिसरा लागला. मुख्याध्यापक अधूनमधून वर्गात येऊन बसत आणि समाधानाने मान हलवत जात. कुजबुजीला मात्र पाय फुटले होते, ती डोंगर उतरून रिएतीत गेली आणि एके दिवशी नोटरीच्या कचेरीत पोचली. कुणा अशिलाने दस्तावर सही करता करता काळजीच्या सुरात सांगितलं म्हणतात.

नोटरी घरी गेला. आरडाओरडा करणारा माणूस नव्हता तो. कोट खुंटीला लावून त्याने बायकोला विचारलं. लिवियाने वचन मोडलं आणि खरं ते सांगितलं, ओत्तोरिनो लॅटिन शिकायला येतो. नोटरी तिच्याकडे बघत राहिला. म्हणाला, लॅटिनचा मास्तर तुझ्याकडे लॅटिन शिकायला येतो? याहून बरी थाप सुचली नाही का? ती म्हणाली, जाऊन त्यालाच विचारा.

रविवारी चर्चमधली प्रार्थना सुटायच्या वेळेला नोटरीची काळी मोटार आमच्या चौकात उभी राहिली. मी दुकान बंदच करत होते, ते तसंच राहू दिलं. नोटरी बारमध्ये गेला, वेर्मूत मागवली आणि ग्लास घेऊन बाहेरच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. त्याला कुणाला शोधावं लागलं नाही. प्रोफेसर चर्चच्या पायऱ्या उतरून अदालजीसाच्या दुकानाकडे चालले होते, मागे क्लोतिल्दे. मुख्याध्यापक वर्तमानपत्रं चाळत होते. प्रोफेसरांच्या वर्गातली पोरं पायऱ्यांवर आइस्क्रीम चाटत बसली होती. नोटरीने टोपीला हात लावून प्रोफेसरांना हाक मारली, आणि सगळा चौक जागच्या जागी थांबला.

"प्रोफेसर, गुरुवारी आपण माझ्या घरी येता असं कळलं."

"येतो."

"माझी बायको म्हणते, तुम्ही तिच्याकडे लॅटिन शिकायला येता."

न्हाव्याला हसू आवरलं नाही. नोटरीने तिकडे बघितलंही नाही. शांतपणे म्हणाला, "खरं असेल तर मी माफी मागून जेवायला घरी जातो. खोटं असेल तर ती उद्या कायमची आईकडे जाईल आणि आपण तिघं कोर्टात भेटू. आपल्याला ठाऊक आहे, कोर्ट तिच्या बाजूने बसलेलं नाही." आणि ते खरंच होतं. त्या काळी आमच्या कायद्यात नवऱ्याने तक्रार केली की अशा बाईला तुरुंग होता.

प्रोफेसरांचा चेहरा मी पाहिला. माणूस उघड्यावर कपडे उतरवायला लावल्यावर दिसेल तसा दिसत होता. बाई असल्याची लाज त्यांनी तीन हिवाळे गावाला खुशाल वाटू दिली होती. आता दुसरी लाज बाहेर काढायची होती, तीही मुख्याध्यापक आणि पोरांदेखत.

"खरं आहे," ते म्हणाले. "मला लॅटिन येत नाही."

"मास्तर असून?"

"मास्तर असून."

"शब्द तर कुणीही फेकेल. काय शिकवलं तिने?"

"धातुसाधितं. इएन्स."

नोटरी स्वतः लॅटिन कोळून प्यायलेला, ती माणसं तशीच असतात. त्याने ग्लास टेबलावर ठेवला. "चालवा बघू."

प्रोफेसरांनी हात मागे बांधले. पायरीवरच्या पोरांनी आइस्क्रीम चाटायचं थांबवलं. फार हळू आवाजात ते म्हणाले, "इएन्स." मग थांबले. मग म्हणाले, "इएन्तिस." क्लोतिल्देने त्यांची बाही धरली. त्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि पुढे म्हणाले, "इएन्ती. इएन्तेम."

आधी एक पोरगी फिसकन हसली. मग सगळी ओळ हसली. हसणारच, याच चुकीसाठी त्यांतल्या प्रत्येकाने टपली खाल्ली होती. न्हावी हसला, अदालजीसा दारात येऊन हसली. लॅटिनचं ल माहीत नसलेला कसाईही पोटावर हात ठेवून हसला. मुख्याध्यापकांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते निघून गेले. नोटरी एकटा हसला नाही. तो लाल झाला होता. एखाद्याच्या न्हाणीघराचं दार चुकून उघडावं तसा ओशाळला होता.

"इतक्या दिवसांत एवढंच?" तो म्हणाला.

"बाईसाहेबांचा दोष नाही. मी मंद आहे."

नोटरीने टोपी काढली, माफी मागितली आणि वेर्मूत तशीच ठेवून मोटारीत जाऊन बसला. ज्याला येत नाही तोच शिकायला जाणार, यात शंका घ्यायला जागा उरली नव्हती. लिविया शेवटपर्यंत नोटरीची बायको म्हणून मानाने राहिली. तिच्याकडे पुन्हा कुणी बोट दाखवलं नाही.

प्रोफेसरांचं काय झालं ते आम्ही रोज बघत होतो. दुसऱ्याच सकाळी शाळेच्या भिंतीवर खडूने हातभर अक्षरांत 'इएन्तिस' लिहिलेलं होतं. तेच त्यांचं नाव पडलं. बाया आपसांत म्हणायच्या, इएन्तिसची बहीण आली होती का ग? मुख्याध्यापकांनी लॅटिनचे तास एका पोरसवदा मास्तरला दिले आणि यांना भूगोल दिला. चौकातून यायचं सोडून ते मागच्या बोळातून येऊ लागले. तंबाखू घेताना माझ्या काउंटरकडे बघत, माझ्याकडे नाही. मी दोन गमतीचे शब्द बोलायचे, ते मान हलवायचे. पुढे काही वर्षांनी सरकारने आमच्यासारख्या शाळांतून लॅटिन जवळजवळ काढूनच टाकलं, तेव्हा न्हावी म्हणाला, मंत्रिमंडळाला आपल्या प्रोफेसरांची दया आली. सगळे हसले. मीही हसले, गंमत चांगली होती.

रिएतीला ते पुन्हा गेले नाहीत. गुरुवारी टेबलाशी बसून वाफाळते न्योक्की शेवटच्या घासापर्यंत खात, आणि ताट पुढे करून आणखी मागत. पत्त्यांच्या बायका परतल्या. ज्यांच्या घरात पाप आहे त्यांच्याकडे जाता येत नाही, ज्यांच्या घरात फक्त अडाणीपणा आहे त्यांच्याकडे जाता येतं.

प्रोफेसर गेले त्या वर्षीची गोष्ट. क्लोतिल्दे मीठ घ्यायला आली. दुकानात कुणी नव्हतं. मिठाची पुडी पिशवीत टाकली तरी ती हलेना. मी म्हटलं, काय ग, बसतेस का? ती बसली नाही. उभ्या उभ्या म्हणाली, "पालमीरा, आमच्या न्हाणीघराची भिंत फार पातळ आहे."

मी म्हटलं, असेल.

"तो दाढी करताना म्हणायचा ते मला सगळं ऐकू यायचं. रोज. एउन्तिस, एउन्ती, एउन्तेम, एउन्ते. एखादं गाणं म्हणावं तसं. मला लॅटिन येत नाही, पण तीन वर्षं सकाळी ऐकल्यावर चाल तर पाठ होते ना. त्या रविवारी चौकात त्याने दुसरंच काहीतरी म्हटलं. मला तिथल्या तिथे कळलं. मी त्याची बाही धरली, तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प राहिले. त्याला येतं म्हणून तोंड उघडलं असतं, तर शिकवणी खोटी ठरून ती बाई गेली असती. नाही उघडलं तर हा गेला." मग पिशवी दुसऱ्या हातात घेत ती खाली बघून म्हणाली, "आणि पुढच्या गुरुवारी त्याने दोनदा वाढून घेतलं, तेव्हा मला बरं वाटलं. त्याचीच मला जास्त लाज वाटते."

त्या दिवशी मी कुणालाच काही सांगितलं नाही. आता सगळी गेली आहेत, म्हणून सांगते.

प्रोफेसर मास्त्रांजेलींनी रिएतीत बाई ठेवली नव्हती. इएन्स त्यांना पहिल्याच हिवाळ्यात चालवता येऊ लागला होता. त्यानंतर ते लिवियाला बघायला जात होते, आणि लिवियाला ते माहीत होतं.